वंशावळ आणि दप्तर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात एका घराण्याचा इतिहास दगडावर कोरलेला आहे, तोही मराठीत. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी १८०३ साली तो सिद्ध केला. 'भोसले वंशचरित्र' या नावाने तो ओळखला जातो.

राजाला आपली वंशावळ दगडावर कोरावीशी का वाटली असेल? सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक पुत्र. १७८७ मध्ये तुळजाराजे निवर्तले, तेव्हा दत्तविधानावर आक्षेप येऊन अमरसिंग गादीवर बसले. १७९८ मध्ये सरफोजींना गादी लाभली खरी. पण पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. ज्याच्या वारसाहक्कावर एकदा शंका घेतली गेली, त्याने पूर्वजांनाच साक्षीला उभे केले, असे मला वाटते.

पुढे १८३२ पर्यंत हा राजा कसा जगला, हे मात्र ती भिंत सांगत नाही. त्यासाठी राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात जावे लागते. तेथे त्यांनी देशोदेशींहून मिळवलेले ग्रंथ आहेत, त्यांच्या स्वाक्षऱ्या आहेत, नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आहेत आणि दरबारच्या मोडी कागदांचे रुमाल आहेत. वंशावळीतून नाते कळते. माणूस भेटतो तो अशा दप्तरात. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुरुष वारसाविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. राणी कामाक्षीबाईंचा दावा १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे टिकला नाही. राज्य गेले, पण कागद उरले.

हे सारे पाहताना मला आमच्या घरची जुनी ट्रंक आठवली. तिच्यातील मोडी कागद कोणालाच वाचता येईनात, म्हणून ते रद्दीत गेले. एम.ए. झालेली मीही तेव्हा गप्प राहिले. आमच्या पणजोबांचे नाव तेवढे आज आम्हाला ठाऊक आहे.

आपल्या शाळेच्या कपाटातही साठ वर्षांची जनरल रजिस्टरे आहेत. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याचे कारण, एवढीच एकेक ओळ. उद्या कोणाचे तरी पणतू ती ओळ शोधत येतील. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे, की घरातील जुने कागद, विशेषतः मोडीतील, टाकून देऊ नयेत. जाणकाराकडून ते वाचून घ्यावेत. आमच्या कपाटातील रजिस्टरे जपण्याची जबाबदारी आमची.