निकालाआधीचा निकाल

आधी परीक्षा, मग निकाल, मग गुणपत्रिकेच्या झेरॉक्स प्रती घेऊन प्रवेशाची धावपळ, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो उलटाही असू शकतो हे सहसा सुचत नाही. इंग्लंडात तो उलटा आहे. तिथे कायद्याच्या पदवीला जाऊ पाहणारी सतरा वर्षांची मुलगी अर्ज भरते हिवाळ्याच्या तोंडाशी. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला जायचे असेल तर ऑक्टोबरच्या मध्यालाच. 'ए लेव्हल' परीक्षा होते पुढच्या मे-जूनमध्ये आणि निकाल लागतो ऑगस्टात. विद्यापीठाने तिला जागा देऊ करायची की नाही, हे त्याआधी कित्येक महिने ठरून गेलेले असते. ते ठरवताना डोळ्यांसमोर असते शिक्षकांनी वर्तवलेले भाकीत: या मुलीला अमुक विषयात 'ए' मिळेल, तमुक विषयात 'बी'. यालाच तिथे 'प्रेडिक्टेड ग्रेड' म्हणतात. पुढे देऊ केलेली जागा बहुधा सशर्त असते आणि ऑगस्टात तेवढ्या श्रेणी मिळाल्या तरच पक्की होते. पण भाकीतच कमी असेल, तर ती शर्त घालण्यापर्यंतही गोष्ट येत नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही आपली म्हण इंग्रजांनी छापील रकान्यात बसवली, असे गमतीने म्हणता येईल. ज्याच्या रकान्यात कमी अक्षर पडते त्याला मात्र ही गंमत वाटत नाही.

या पद्धतीचे मूळ शोधू लागलो की आपण शिफारसपत्रापाशी पोहोचतो. गुणांच्या आधी पत्र होते. याचे एक ठळक उदाहरण आपल्या मातीतलेच आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पदवी परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. त्या गुणांवर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. बाई म्हणून ती नाकारली गेली. म्हणजे गुण हातात होते, तरी दार उघडले नाही. ते उघडले पत्रांनी. लेडी हॉबहाउस यांच्या पुढाकाराने इंग्लंडात वर्गणी जमली आणि १८८९ साली सोराबजी ऑक्सफर्डच्या सोमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी त्यांची बाजू घेतली. १८९२मध्ये विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेला बसू दिले. निकाल? तिसरा वर्ग. मनासारखा नव्हताच. पदवी तर त्याहून पुढची गोष्ट: ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केले १९२०मध्ये, सोराबजींच्या हातात ती पडली १९२२मध्ये आणि लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या १९२३मध्ये. मधली तीस वर्षे त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. त्यांनी मिळवली, आणि १९०४पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींची प्रकरणे पाहिली. तिसऱ्या वर्गाची ती नोंद या कामाबद्दल काहीच सांगू शकली नसती.

शिफारस आणि वशिला यांच्यातली रेघ पुसट असते, हे वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठांत जाणाऱ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा एकेका मुख्याध्यापकाने ओळखीच्या कॉलेजला पत्र लिहावे, ही रीत पुरी पडेना. १९५१मध्ये 'ए लेव्हल' परीक्षा सुरू झाली होती. १९६१मध्ये विद्यापीठांनी मिळून 'यूसीसीए' हे मध्यवर्ती कार्यालय काढले. एकच अर्ज, अनेक विद्यापीठे. आज त्याचेच वंशज 'यूकास' हे काम पाहते. अर्ज एक झाला, शिफारसपत्रही त्याच अर्जाला जोडले गेले, आणि पत्रातली विशेषणे हळूहळू अक्षरांत आटत गेली. 'हुशार, कष्टाळू, चांगल्या घरातला' या शब्दांपेक्षा 'ए, ए, बी' वाचायला सोपे. ही काही कुणी बसून आखलेली योजना नव्हती. परीक्षा उन्हाळ्यात आणि विद्यापीठाचे सत्र शरदात, यांच्यामधल्या तोकड्या अंतरात सगळे उरकेना, म्हणून भाकिताचा आधार घेतला गेला. सोय म्हणून आले आणि घरचे होऊन बसले.

कायद्याच्या विभागांत हे भाकीत इतके जड का झाले, त्याचे उत्तर श्रेणींच्या हिशेबात आहे. १९६०च्या दशकात ठरलेल्या पद्धतीनुसार दर विषयात साधारण १० टक्के मुलांनाच 'ए' मिळे. ही वाटणी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुटली आणि 'ए'चे प्रमाण चढत गेले. २००४मध्ये पाचांतल्या एकाहून अधिक उत्तरपत्रिकांना 'ए' होता. कायद्याला अर्ज करणारे तर मुळातच वरच्या फळीतले. परिणाम असा की, नामवंत विधी विभागाच्या टेबलावर भाकिते सगळी सारखीच दिसू लागली. सगळे 'ए' असणे ही पात्रता राहिली, निवडीचा निकष राहिला नाही; आणि एखादा 'बी' मात्र ठसठशीत डाग दिसू लागला. त्याच २००४ साली आठ विद्यापीठांनी कायद्यासाठी वेगळी चाचणी आणली, तिचे नाव 'एलनॅट'. उताऱ्यांवर ४२ पर्यायी प्रश्न आणि एक निबंध. कायद्याचे ज्ञान तपासायचे नाही. वाचता येते का, युक्तिवादातली फट दिसते का, एवढेच पाहायचे. ('ए लेव्हल'ला कायदा हा विषय घेतलेला असणेही तिथे सहसा आवश्यक नसते.) वर्षातून एकदाच देता येणारी ही चाचणी कमी भाकीत असलेल्या मुलासाठी दुधारी ठरली. चांगला गुणांक त्या डागावर थोडा उतारा ठरू शकतो. पण जिथे भाकिताचीच चाळणी आधी लावतात, तिथे तो गुणांक पाहायलाही कुणी थांबत नाही.

भाकीत खरे किती ठरते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जिल विनेस यांनी २०१६मध्ये तीन वर्षांची आकडेवारी तपासली. तीन विषयांची मिळून भाकिते तंतोतंत खरी ठरलेले विद्यार्थी निघाले फक्त १६ टक्के. तब्बल ७५ टक्क्यांची भाकिते निकालापेक्षा वर होती. शिक्षक आपल्या मुलांना झुकते माप देतात, ते देणारच. यूकासची व्याख्याही तेच सुचवते: अनुकूल परिस्थितीत विद्यार्थी जिथवर पोहोचेल असे शाळेला वाटते, ती श्रेणी. म्हणजे ज्याला कमी भाकीत मिळाले तो मुलगा, झुकत्या मापाच्या बाजारात काटेकोर तराजूवर तोलला गेलेला असतो. त्याची स्पर्धा शेजारच्या शाळेतल्या मुलाशी नसते. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाच्या उदारपणाशी असते.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निकालात उत्तम श्रेणी मिळवणाऱ्या, पण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांपैकी जवळपास चारांतल्या एकाचे भाकीत प्रत्यक्ष निकालाहून खालचे होते. सुखवस्तू घरांतल्या तशाच मुलांत हे प्रमाण कमी होते. आणि ज्यांचे भाकीत खालचे, ती मुले अर्जही खालच्याच पायरीच्या विद्यापीठांत करण्याची शक्यता अधिक. ऑगस्टात निकाल लागला की कळते, आपण जिथे गेलोच नाही तिथे जाऊ शकलो असतो. अशा मुलांसाठी यूकासने २००९मध्ये जागा बदलून घेण्याची एक सोय केली होती. तिचा वापर फारच थोड्यांनी केला आणि २०२२मध्ये ती बंद झाली.

भाकिताचा पायाही मध्यंतरी खचला. २०००पासून 'ए लेव्हल'चा पहिला टप्पा बारावीच्या वर्षी (तिथली बारावी म्हणजे आपली अकरावी) खऱ्या परीक्षेने पार पडे आणि त्या गुणांवर भाकीत उभे राही. २०१५पासून इंग्लंडात ही दोन टप्प्यांची सांगड मोडली. आता उरली शाळेतली चाचणी, सोळाव्या वर्षीचा निकाल आणि शिक्षकाचा अदमास. मग आले २०२०. साथीमुळे परीक्षाच रद्द झाल्या. शिक्षकांनी ठरवलेल्या श्रेणींना एका गणिती सूत्राने कात्री लावली गेली आणि १३ ऑगस्टला इंग्लंडातल्या सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्याचे जाहीर झाले. शाळेचा मागचा इतिहास हा त्या सूत्राचा कणा होता. त्यामुळे साध्या शाळेतला एखादाच तल्लख मुलगा त्यात मार खाई, तर लहान वर्गांच्या शाळांना, म्हणजे बहुधा खाजगी शाळांना, सूत्राची झळ कमी लागे. मुले रस्त्यावर उतरली. चार दिवसांत सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांच्या श्रेणी कायम केल्या.

निकालानंतर प्रवेश द्या, ही मागणी काही नवी नाही. २००४च्या श्वार्ट्‌झ समितीने ती मांडली, २०११मध्ये यूकासनेच पुन्हा काढली, २०२१मध्ये सरकारने त्यावर मते मागवली आणि २०२२च्या फेब्रुवारीत विषय गुंडाळला. मुलाखती, चाचण्या, वसतिगृहे हे सगळे ऑगस्ट-सप्टेंबरात कसे बसवणार, हा आक्षेप खोटा नाही. पण साठ वर्षांपूर्वीच्या पंचांगासाठी आजची मुले राबतात, हेही तितकेच खरे.

मग कमी भाकीत हातात असलेल्याने करायचे काय? मुंबई-पुण्याहून इंग्लंडात कायद्याला अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांनाही हा प्रश्न पडतो, कारण बारावीच्या निकालाआधी अर्ज करायचा तर अंदाज त्यांच्या शाळेलाही कळवावा लागतो. अर्ज जाण्याआधी शिक्षकांशी बोलून, नवे काम दाखवून, भाकिताचा फेरविचार मागता येतो. तो हट्ट नव्हे. आजारपण, घरातली अडचण यांची नोंद करायला शिफारशीत आता स्वतंत्र जागा आहे. अर्जात नावे पाचच लिहिता येतात. पाचही शिखरे लिहिणे हे धाडस नसून जुगार आहे, आणि पाचही टेकड्या लिहिणे म्हणजे त्या अभ्यासातल्या मुलांचीच गत. काही विधी विभाग घरची, शाळेची परिस्थिती पाहून श्रेणीची अट एखाद्या पायरीने उतरवतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. इतिहास किंवा साहित्याची पदवी घेऊन नंतर कायद्याकडे वळण्याची वाटही तिथे जुनी आणि प्रतिष्ठेची आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले जोनाथन सम्प्शन आधी ऑक्सफर्डला इतिहास शिकवत होते.

आणि एक वाट वर्षभर थांबण्याची. फेरपरीक्षेच्या गुणांबाबत प्रत्येक विभागाचे धोरण वेगळे असते, ते विचारून घ्यावे लागते. एक वर्ष घरी बसण्याचा खर्चही सगळ्यांना झेपत नाही. पण पहिल्याच फटक्यात भाकिताहून वरचे गुण मिळालेला मुलगा पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा अर्ज करतो, तेव्हा शिक्षकांच्या अंदाजाची जागा प्रत्यक्ष निकालाने घेतलेली असते.