परळचा बंगला आणि मलबारची टेकडी

श्रीमंत वस्तीचा इतिहास म्हटला की आपल्याकडे बंगल्यांची नावे, मालकांची घराणी आणि दिवाणखान्यातली झुंबरे एवढेच सांगितले जाते. मी कामगार चळवळीतला माणूस. झुंबरांचे मला अगत्य नाही. पण गिरण्यांच्या जमिनींचे तंटे सुरू झाले तेव्हा नकाशा वाचायला शिकावे लागले, आणि त्या नादात एक गोष्ट ध्यानात आली. श्रीमंती जागची हलते. ती कुठून उठली आणि कुठे जाऊन बसली, हे घराण्यांच्या चरित्रांपेक्षा नकाशा अधिक सरळ सांगतो.

कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात मुंबईची बारीक मोजणी केली. दाट वस्तीचे तक्ते एका इंचास ४० फूट या प्रमाणाचे. त्यात एकेक घर ओळखता येते. अशा तक्त्यावर आजचा नकाशा ठेवून परळ शोधा. आज जिथे हाफकिन संस्था आहे, तिथे त्या वेळी गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता. जवळच लालबागला वाडियांचा लवजी कॅसल. म्हणजे ज्या परळला आपण गिरणगाव म्हणून ओळखतो, ती एके काळी बागबंगल्यांची वस्ती होती!

मग गिरण्या आल्या. धूर आला, गर्दी आली, रोगराई आली. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी परळलाच पटकीने वारल्या आणि लवकरच गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला गेले. शेटसावकार टेकडी आधीपासूनच चढू लागले होते. वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो. गिरणीचा धूर टेकडीवर नाही, पूर्वेच्या चाळींवर जातो. परळच्या त्या रिकाम्या बंगल्यात १८९९ साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली.

टेकडीवर त्याआधी कोणीच नव्हते असे मात्र समजू नये. बाणगंगा, वाळकेश्वर, तिथले भटजी आणि धोबी, पारशांच्या सतराव्या शतकापासूनच्या दखमा, हे सारे बंगल्यांहून जुने आहे. रस्त्याला नाव मिळाले ते मात्र नेपियन गव्हर्नराचे. आणि बंगल्यामागच्या त्या लहान चौकोनांकडेही पाहा: तबेला, मुदपाकखाना, गड्यांच्या खोल्या. मालकाचे नाव कागदोपत्री सापडते; गड्याचा पत्ता तेवढ्या चौकोनापुरताच.

आता आपल्या आयुष्यातली गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली. वाटे पडणार ते केवळ मोकळ्या जमिनीचे. जिच्यावर शेड उभी आहे ती वाटणीतून बाहेर. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. नकाशावर रेघेच्या आत काय दाखवले आहे आणि बाहेर काय, एवढ्यावर कामगाराच्या घराचा वाटा आकसला. म्हणून म्हणतो, नकाशा हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही. श्रीमंती परळला परत आली, या वेळी चाळीस-पन्नास मजले उंच होऊन.

आणि परळ-लालबागची पुष्कळ बिऱ्हाडे लोकल धरून उपनगरांकडे सरकली. या सभागृहातही त्यांच्यापैकी काही असतील. आपली नगरपरिषद १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. शहर नवे, पण जमीन जुनी आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा जुना नकाशा मागून घ्या. रेल्वेचा रूळ आणि वसईची खाडी या दोन खुणा जुळवून त्यावर आजचा नकाशा ठेवा. मिठागराचा बांध कुठून जात होता आणि आज फाटक-पहारेकरी असलेल्या कोणत्या संकुलाचे कुंपण तिथे आहे, ते पेन्सिलीने लिहून काढा. मीठ काढणारे कुठे राहत, हे मात्र नकाशावर मिळायचे नाही. ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागेल, आणि लवकर विचारावे लागेल.