शहापूर-मुरबाडचे खेकडे आणि त्यांचे बदलते वर्गीकरण

मृगाचा पाऊस लागला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत खेकडे बिळांबाहेर पडतात आणि ठाकर-कातकरी वाड्यांतली माणसे रात्री बत्ती घेऊन ओढ्यांकडे निघतात. भाताच्या बांधावरचे मुठे कोणते आणि नदीतल्या चिंबोऱ्या कोणत्या, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असते. प्राणिशास्त्राला मात्र या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचे गोत ठरवायला पावणेदोनशे वर्षे लागली.

लिनियसने १७५८ मध्ये खेकडे कीटकांत घातले होते. कवचधारी प्राण्यांचा वर्ग पुढे वेगळा झाला. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनचा खेकडा गोळा केला आणि वेस्टवुड यांनी १८३६ मध्ये त्याला ‘थेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’ म्हटले. म्हणजे सह्याद्रीतला हा प्राणी इटलीतल्या नदीखेकड्याच्या प्रजातीत जाऊन बसला. १८३२ मध्ये मुंबईत वारलेल्या जॅकमॉन्ट या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या नावाने मिल्न-एडवर्ड्स यांनी १८४४ मध्ये ‘गेकार्सिन्यूकस जॅकमॉन्टी’चे वर्णन केले. पुढे गेकार्सिन्यूसिडी या संपूर्ण कुळाला याच प्रजातीवरून नाव मिळाले.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहाच्या १९१० च्या सूचीत अल्कॉक यांनी जबड्याच्या स्पर्शकाचे टोक साधे की दुभंगलेले, यावरून दोन उपकुळे पाडली. साइक्स यांचा खेकडा अल्कॉक यांच्याच ‘बॅरिटेल्फुसा’ गटात आला. १९७० मध्ये जर्मन संशोधक बॉट यांनी नराच्या जननावयवांच्या आधारे जगभरच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अनेक कुळे केली. एकाच अवयवावर एवढा भार टाकणे धोक्याचे होते आणि त्यातली बरीच कुळे पुढे टिकली नाहीत. जनुकीय तुलनेनंतर २००९ मध्ये पॅराथेल्फुसिडी हे कुळ गेकार्सिन्यूसिडीत विलीन झाले.

या घोळाचे मूळ खेकड्याच्या जीवनक्रमात आहे. समुद्री खेकड्यांची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जातात; गोड्या पाण्यातली मादी अंडी आणि पिल्ले पोटाखाली बाळगते. पिल्ले आईच्या ओढ्याजवळच वाढतात आणि डोंगराआडच्या जाती एकमेकींपासून तुटतात. वरून सारख्या दिसणाऱ्या खेकड्यांत त्यामुळे खोल फरक सापडतो. पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रातले समीर पती आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘घाटियाना’ आणि २०१८ मध्ये ‘सह्याद्रियाना’ या नव्या प्रजाती मांडल्या, त्या अशाच घाटातल्या खेकड्यांसाठी. माहुली, आजोबा, नाणेघाट, माळशेज या प्रत्येक डोंगरावरचे नमुने स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत, आणि त्या कामात पावसाळी रात्री ओढे पालथे घालणाऱ्या वाड्यांतल्या माणसांना सोबत घेतले पाहिजे.