थुराम, लिलियन

(१ जानेवारी १९७२ – ). फ्रान्सचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू, बचावपटू आणि वंशभेदविरोधी कार्यकर्ते. १९९८ चा विश्वचषक आणि २००० ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकणाऱ्या फ्रेंच संघांतले ते खेळाडू. १९९४ ते २००८ या काळात फ्रान्सकडून ते १४२ आंतरराष्ट्रीय सामने खेळले आणि त्यांत त्यांनी फक्त २ गोल केले. हे दोन्ही गोल एकाच सामन्यातले. त्या सामन्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. मात्र त्यांचे खरे मोठेपण उरलेल्या १४१ सामन्यांत आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रान्सच्या बेटावर प्वँत-आ-पित्र येथे त्यांचा जन्म झाला. आईने पाच मुलांना एकटीने वाढवले. १९८० मध्ये ती कामासाठी पॅरिसच्या परिसरात गेली आणि वर्षभराने तिने मुलांनाही तिकडे नेले. आपण काळे आहोत, ही जाणीव वयाच्या नवव्या वर्षी तिथल्या शाळेत वर्गातल्या मुलांनी करून दिली, असे थुराम अनेकदा सांगतात. पुढच्या आयुष्यात त्यांनी केलेल्या कामाची मुळे याच अनुभवात आहेत. फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँ गावातल्या वसाहतीत ते लहानाचे मोठे झाले. फाँतेनब्लो आणि मलँ इथल्या छोट्या क्लबांतून ते मोनॅकोच्या अकादमीत पोहोचले. मुख्य संघाचे प्रशिक्षक तेव्हा आर्सेन वेंगर होते. त्यांनी १९९१ मध्ये थुराम यांना पहिली संधी दिली आणि १९९६ पर्यंत ते मोनॅकोकडून खेळले. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातले पदार्पण १७ ऑगस्ट १९९४ रोजी बोर्दो येथे चेक प्रजासत्ताकाविरुद्ध झाले. झिनेदिन झिदानचाही तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना होता.

१९९६ मध्ये थुराम इटलीतल्या पार्मा संघात गेले. बचाव ही ज्या देशात एक विद्या मानली जाते, तिथे त्यांचा खेळ पक्व झाला. मागे गोलरक्षक जानलुइजी बुफॉन, शेजारी फाबिओ कान्नाव्हारो आणि सोबत थुराम, अशी ती फळी होती. एवढ्या गुणी बचावपटूंना एका मध्यम आकाराच्या शहराच्या क्लबने एकत्र आणले, ही गोष्ट आजच्या पैशाच्या गणितात अशक्यच वाटते. पहिल्याच हंगामात पार्मा इटालियन लीगमध्ये दुसऱ्या स्थानावर राहिला. १९९९ मध्ये या संघाने इटालियन चषक जिंकला आणि मॉस्कोतल्या अंतिम सामन्यात मार्सेचा ३–० असा पाडाव करून युएफा चषकही मिळवला.

थुराम यांच्याकडे ताकद आणि वेग दोन्ही होते, पण ते त्यांवर विसंबून खेळत नसत. चेंडू कुठे जाणार हे आधी ओळखून ते तिथे उभे असत, त्यामुळे जमिनीवर घसरून टॅकल करण्याची वेळ त्यांच्यावर कमी येई. मध्यवर्ती बचावपटूची जागा त्यांना स्वतःला अधिक पसंत होती. राष्ट्रीय संघात मात्र लोराँ ब्लाँ आणि मार्सेल देसाई मधे असल्याने ते वर्षानुवर्षे उजव्या बाजूला खेळले. आवडीची नसलेली जागा त्यांनी अशी सांभाळली की त्या काळातला जगातला सर्वोत्तम उजवा बचावपटू म्हणून त्यांचीच गणना होऊ लागली.

१९९८ च्या विश्वचषकात यजमान फ्रान्सने ७ सामन्यांत फक्त २ गोल स्वीकारले. त्यांतला एक पेनल्टीवर झालेला. दुसरा ८ जुलै रोजी साँ-दनीच्या स्ताद द फ्राँसवर, क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात झाला आणि तो थुराम यांच्या चुकीमुळे झाला. बाकीचे बचावपटू पुढे सरकले असताना ते मागे राहिले, त्यामुळे दावोर शुकेर ऑफसाइड ठरला नाही आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच त्याने गोल केला. पुढच्याच मिनिटाला थुराम यांनी क्रोएशियाच्या गोलक्षेत्राजवळ झ्वोनिमिर बोबानकडून चेंडू हिसकावला, युरी जोर्काएफकडे दिला, परतीचा पास घेतला आणि बरोबरी साधली. सुमारे ७० व्या मिनिटाला गोलक्षेत्राच्या कडेवरून, तेही डाव्या पायाने, त्यांनी दुसरा गोल मारला. मग ते गुडघ्यांवर बसले आणि बोट ओठांवर ठेवून, काही कळेनासे झाल्यासारखे विचारात पडले. फ्रेंच क्रीडा-इतिहासातल्या सर्वाधिक परिचित छायाचित्रांपैकी ते एक आहे. ब्लाँला लाल कार्ड मिळूनही फ्रान्सने सामना २–१ असा जिंकला आणि चार दिवसांनी ब्राझीलला ३–० असे हरवून पहिला विश्वचषक मिळवला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत रोनाल्डो आणि शुकेर यांच्यामागोमाग थुराम यांना तिसरे स्थान मिळाले. बचावपटूच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. दोन गोल नसते तर तो मिळाला असता का, हा प्रश्न मात्र उरतो. २००० मध्ये रॉटरडॅमला इटलीवर २–१ अशी मात करून फ्रान्स युरोपीय विजेताही झाला.

२००१ मध्ये थुराम आणि बुफॉन दोघेही युव्हेंटसमध्ये दाखल झाले. २००२ आणि २००३ अशी सलग दोन लीग विजेतेपदे मिळाली. २००३ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मात्र मिलानने पेनल्टी शूटआऊटमध्ये त्यांना हरवले. फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक झाल्यावर ते कान्नाव्हारोच्या साथीने मध्यभागी खेळू लागले. २००५ आणि २००६ ची विजेतेपदे पंचनियुक्तीच्या गैरव्यवहारात क्लबकडून काढून घेण्यात आली. युव्हेंटसची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली आणि थुराम बार्सिलोनाला गेले. तिथली दोन वर्षे उतरणीची होती.

२००४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली होती. पुढच्या वर्षी झिदान आणि क्लोद माकेलेलेसोबत ते परतले. २००६ च्या विश्वचषकात ३४ वर्षांचे थुराम विल्यम गालासच्या जोडीने मध्यभागी खेळले. केवळ बचावाच्या निकषावर पाहिले तर ही स्पर्धा त्यांच्यासाठी १९९८ पेक्षाही सरस म्हणावी लागेल. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ते सामनावीर ठरले. बर्लिनमधला अंतिम सामना फ्रान्सने इटलीविरुद्ध पेनल्टी शूटआऊटमध्ये गमावला. त्याच वर्षी त्यांनी देसाईचा ११६ सामन्यांचा फ्रेंच विक्रम मागे टाकला. थुराम यांचा १४२ सामन्यांचा विक्रम २०२२ मध्ये गोलरक्षक ह्यूगो लोरिसने मोडला. २००८ च्या युरोपीय स्पर्धेनंतर पॅरिस साँ-जेर्मेनशी करार होण्याच्या बेतात असताना वैद्यकीय तपासणीत त्यांच्या हृदयात जन्मजात दोष आढळला. त्यांच्या भावाचा मृत्यू बास्केटबॉल खेळताना हृदयविकारानेच झाला होता. थुराम यांनी खेळणे थांबवले.

सार्वजनिक प्रश्नांवर ते खेळत असतानाच बोलू लागले होते. २००५ मध्ये फ्रान्सच्या उपनगरांत दंगली उसळल्या. त्या सुमारास गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी तिथल्या काही तरुणांसाठी वापरलेल्या अपमानकारक शब्दांचा त्यांनी उघड निषेध केला. आपणही अशाच वस्तीत वाढलो, याची त्यांनी आठवण करून दिली. २००६ मध्ये पॅरिसजवळच्या काशाँ येथील एका इमारतीतून हुसकावलेल्या सुमारे ८० जणांना त्यांनी आणि पात्रिक व्हिएराने फ्रान्स–इटली सामन्याला बोलावले. २००८ मध्ये त्यांनी वंशभेदाविरुद्ध शिक्षणाचे काम करणारी संस्था स्थापन केली. माणूस जन्मतः वंशभेदी नसतो, तो तसा घडवला जातो, ही त्यांची मूळ भूमिका. २०११ मध्ये पॅरिसच्या केई ब्राँली संग्रहालयात, वसाहतकाळात माणसांनाच प्रदर्शनात मांडण्याच्या प्रथेवर भरलेल्या प्रदर्शनाचे ते मुख्य संयोजक होते. १९३१ मध्ये न्यू कॅलेडोनियातून आणून अशा प्रकारे लोकांपुढे उभे केलेल्या कनाक लोकांत, १९९८ च्या संघातले त्यांचे सहकारी क्रिस्तियाँ करांबू यांचे पणजोबाही होते. ‘मेझ एत्वाल न्वार’ (२०१०) आणि ‘ला पाँसे ब्लाँश’ (२०२०) ही थुराम यांची महत्त्वाची पुस्तके.

त्यांचे दोन्ही मुलगे इटलीत जन्मलेले व्यावसायिक फुटबॉलपटू आहेत. थोरला मार्कस (जन्म १९९७) आघाडीला खेळतो. त्याचे नाव जमैकन नेते मार्कस गार्वी यांच्यावरून ठेवले आहे. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो फ्रान्सकडून खेळला आणि २०२३ मध्ये इंटर मिलानमध्ये गेला. मधल्या फळीत खेळणाऱ्या धाकट्याला, खेफ्रेनला (जन्म २००१), प्राचीन इजिप्तच्या फॅरोचे नाव दिले असून २०२४ पासून तो वडिलांच्या जुन्या क्लबात, युव्हेंटसमध्ये आहे.