लंगोटाखालच्या चट्ट्यांची आणि त्यांवरच्या उपायांची कुळकथा

लंगोटाखालची बाळाची कातडी लाल होऊन सोलवटते, हे दुखणे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'अहिपूतन' या नावाने नोंदलेले आहे. शी-शू झाल्यावर बाळाची जागा धुतली नाही किंवा घामेजलेल्या बाळाला आंघोळ घातली नाही, की आधी खाज सुटते, मग खाजवून फोड येतात आणि ते स्रवू लागतात, असा क्रम तिथे सांगितला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याच दुखण्याला मातृकादोष, गुदकुट्ट, अनामिक अशीही नावे आहेत. इतकी नावे पडलेले दुखणे घरोघरचे असणार, हे उघड आहे.

उपायांची पहिली पिढी म्हणजे काढ्याने धुणे. सुश्रुताने जखम भरून येण्यासाठी त्रिफळा, बोर आणि खैर यांचा काढा सांगितला. या वनस्पती तुरट आहेत. तुरट द्रव्यांनी ओली, स्रवणारी कातडी आकसते आणि कोरडी पडते. विड्यातला कात खैराच्याच लाकडाच्या गाभ्यापासून निघतो, म्हणजे या औषधाचा एक नातलग पानदानात बसलेला असे. त्याच ग्रंथात बाळाला दूध पाजणाऱ्या स्त्रीचे दूध 'शुद्ध' करण्याचेही औषध आहे. दोष आईच्या दुधावर ढकलण्याची ही समजूत पुढे घरांतून फार दिवस टिकली.

दुसरी पिढी स्निग्ध लेपाची. त्यात सर्वांत कसबी म्हणजे शतधौत घृत. चरकसंहितेत ते विसर्पावर, म्हणजे धावऱ्यावर येते. बाळाच्या चट्ट्यांवरही ते लावतात. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घ्यायचे, त्यात गार पाणी घालून तळहाताने घोळायचे, पाणी ओतून द्यायचे आणि असे शंभर वेळा करायचे. हळूहळू तुपाचा पिवळेपणा आणि वास जातो आणि हाताला पांढरे, मऊ, लोण्यासारखे मलम लागते. तुपात पाण्याचे बारीक थेंब अडकून राहिल्याने ते थंड वाटते, आणि वरचा स्निग्ध थर ओल कातडीपर्यंत पोचू देत नाही. पाणी असल्यामुळे ते फार दिवस मात्र टिकत नाही. शंभर धुण्यांचा वेळ कोणाकडे असतो, हा प्रश्न वेगळा. म्हणून बहुतेक घरांत खोबरेल तेलावरच भागते.

हे दुखणे हवामानाशीही बांधलेले आहे. उदाहरणार्थ, सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पाण्याची ओढ नेहमीची. सुश्रुताने दिलेली दोन्ही कारणे, घाम आणि न धुणे, अशा हवामानात आयतीच जुळून येतात. त्यात कमी पाण्यात खळबळलेल्या लंगोटात साबण राहून जातो आणि तोही कातडीला झोंबतो. म्हणून जुन्या लुगड्याची किंवा धोतराची दुपटी आणि लंगोट करण्याची चाल नुसती काटकसर नव्हे. वर्षानुवर्षे धुतलेले सुती कापड मऊ पडते आणि ओल शोषते. ते कडक उन्हात वाळवले की निम्मा उपाय झाला.

विसाव्या शतकात कारणाचा शोध प्रयोगशाळेत गेला. १९२१ मध्ये कूक या अमेरिकन डॉक्टरांनी लघवीतून अमोनिया तयार करणारे जंतू दोषी ठरवले. लंगोट जंतुनाशकात भिजवण्यावर भर आला. १९८०च्या दशकातील प्रयोगांनी चित्र पालटले. शी आणि शू एकत्र आल्या की कातडीची आम्लता कमी होते आणि शीमधील पाचक विकरे जोर धरून कातडी पोखरतात, असे दिसले. त्याच सुमारास अतिशोषक कण घातलेले डायपर पसरले. त्यांनी ओल कमी केली, पण डायपर कोरडा वाटतो म्हणून तासन्‌तास न बदलण्याची सवयही लावली.

पावडरींचा इतिहास मात्र उजळ नाही. कॅरमबोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर कधीकाळी बाळांनाही लावत. सोलवटलेल्या कातडीतून ती अंगात भिनून बाळे दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. टाल्कची भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते. वेखंडाची पूडही उघड्या कातडीवर टाकू नये. जस्ताचे मलम मात्र या साऱ्यांत खरे उतरले. ते तुपासारखेच आड थर धरते आणि पाण्याने सहज निघत नाही. आईचे दूध लावण्याची रीतही अगदीच टाकाऊ नाही. इराणमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते सौम्य स्टेरॉइड मलमाइतकेच उपयोगी ठरले.

आज सांगितला जाणारा क्रम असा: कोमट पाण्याने धुणे, न घासता टिपून घेणे, काही वेळ उघडे ठेवणे, मग तेल, तूप किंवा जस्ताच्या मलमाचा थर. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, लाली जांघेच्या घडीत शिरली आणि कडेने सुटे लाल ठिपके उठले, तर ती बहुधा कॅन्डिडा या बुरशीची लागण असते. तिला बुरशीनाशक मलम लागते, शतधौत घृत नव्हे. पू, ताप किंवा पाण्याने भरलेले फोड दिसले तर बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.