फ्लोरिडा कीज द्वीपमालेतील उथळ पाणी आणि शिडाची छोटी होडी : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश : अमेरिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या फ्लोरिडा कीज या उष्ण द्वीपमालेचा इतिहास प्रामुख्याने मोठी जहाजे, लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे उथळ पाण्यात चालणाऱ्या शिडाच्या छोट्या होडीच्या बाजूने पाहिले आहे. ज्या रस्त्याने या बेटांचे होडीवरील अवलंबित्व संपवले, त्याच रस्त्याने मोटारीमागे ओढून नेता येणारी होडी पुन्हा या पाण्यात आणली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : फ्लोरिडा कीज, उथळ पाणी, राल्फ मनरो, ओव्हरसीज हायवे, ट्रेलरवरील होडी.

१. प्रस्तावना

सागरी इतिहासाचे लेखन बहुतांशी बंदरे, आरमारे आणि मोठी जहाजे यांच्याभोवती फिरत राहिले आहे. याचे कारण उघड आहे. मोठ्या जहाजांची नोंद होते, त्यांचा विमा उतरवला जातो आणि ती बुडाल्यास न्यायालयात दावे उभे राहतात. छोट्या होडीची कागदोपत्री नोंद क्वचितच होते. परंतु काही प्रदेश असे आहेत की जेथे मोठे जहाज बाहेरच थांबते आणि प्रत्यक्ष जीवन छोट्या होडीवर चालते. फ्लोरिडा कीज हा असाच प्रदेश होय.

आज हिवाळ्यात अमेरिकेच्या थंड भागांतून अनेक हौशी लोक वीस-बावीस फुटांची शिडाची होडी ट्रेलरवर चढवून, ती मोटारीमागे ओढत या बेटांवर येतात. उतारावरून होडी पाण्यात सोडतात, डोलकाठी उभी करतात आणि आठ-पंधरा दिवस बेटांमागून बेटे पाहत फिरतात. वरवर पाहता हा निव्वळ मनोरंजनाचा विषय वाटतो. परंतु ही होडी इतकीच लांब, इतकीच रुंद आणि तळाला अशीच का, असा प्रश्न विचारला की त्यामागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास उभा असल्याचे दिसून येते.

२. भौगोलिक पार्श्वभूमी

फ्लोरिडा कीज ही द्वीपमाला मायामीच्या दक्षिणेपासून नैऋत्येकडे वळत की-वेस्टपर्यंत जाते. की-वेस्टच्या पश्चिमेस सुमारे ११० किलोमीटर अंतरावर ड्राय टॉर्टुगाज हा बेटांचा समूह आहे. इ.स. १५१३ मध्ये पोन्स दे लेऑन या स्पॅनिश दर्यावर्दीने तेथे विपुल आढळलेल्या कासवांवरून त्यास ‘टॉर्टुगाज’ हे नाव दिले. ‘की’ हा शब्द ‘कायो’ म्हणजे लहान सखल बेट या स्पॅनिश शब्दावरून आला आहे. ही बेटे कर्कवृत्ताच्या थोडी उत्तरेस असली तरी गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहाच्या सान्निध्यामुळे येथील हिवाळा सौम्य असतो. की-वेस्ट येथे हिमतुषार पडल्याची नोंद नाही.

या द्वीपमालेच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र आहेत. अटलांटिकच्या बाजूस काही किलोमीटरवर प्रवाळभिंत असून ती भिंत आणि बेटे यांच्यामध्ये हॉक चॅनेल हा जलमार्ग आहे. दुसऱ्या बाजूस फ्लोरिडा बे हे विस्तीर्ण उथळ आखात आहे. त्याची सरासरी खोली अवघी एक मीटर असून त्यात चिखलाचे उंचवटे आणि सागरी गवताची कुरणे पसरलेली आहेत. येथे नाविकाला पाण्याचा रंग वाचावा लागतो. गडद निळे पाणी खोल असते, फिकट हिरव्याखाली वाळू असते आणि तपकिरी छटा दिसली की प्रवाळ किंवा गवत पृष्ठभागाजवळ आले असे समजावे. सूर्य पाठीशी असतानाच हे रंग नीट दिसतात. म्हणून केव्हा निघावे आणि केव्हा नांगर टाकावा हे उन्हावरून ठरते.

अशा ठिकाणी होडीचा किती भाग पाण्याखाली राहतो, म्हणजे तिची बुडीत खोली किती, हा प्रश्न तिच्या आकारापेक्षा किंवा वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो. या प्रदेशाच्या इतिहासाची गुरुकिल्ली याच प्रश्नात आहे.

३. फुटलेली जहाजे आणि उथळ पाण्याचे अर्थकारण

मेक्सिकोच्या आखाताकडे जाणारी जहाजे गल्फ स्ट्रीमचा विरोधी प्रवाह टाळण्यासाठी प्रवाळभिंतीच्या जवळून जात आणि त्यामुळे वारंवार तिच्यावर आदळत. इ.स. १८२२ मध्ये की-वेस्टवर अमेरिकेचा ध्वज फडकला. १८२५ च्या कायद्याने या किनाऱ्यावर सापडलेला फुटक्या जहाजांचा माल अमेरिकी बंदरातच आणणे बंधनकारक केले. १८२८ मध्ये की-वेस्ट येथे न्यायालय स्थापन झाले. जहाज वाचवणाऱ्या नौकांना परवाने देणे आणि वाचवलेल्या मालातील त्यांचा वाटा ठरवणे हे त्याचे प्रमुख काम होते. तेथील न्यायाधीश विल्यम मार्विन यांनी १८५८ मध्ये या विषयावर लिहिलेला ग्रंथ सागरी कायद्याच्या अभ्यासात मान्यता पावला.

हा व्यवसाय करणारे लोक, ज्यांत बहामा बेटांतून आलेल्यांचा मोठा भरणा होता, स्लूप आणि स्कूनर प्रकारच्या शिडाच्या नौका वापरीत. जे पाणी परक्या जहाजाला मृत्युरूप होते, तेच त्यांना उपजीविका देत होते. न्यायालयाच्या दफ्तरात फुटलेल्या जहाजांची नावे ठळकपणे येतात, परंतु त्या दफ्तराचा खरा आधार स्थानिक नावाड्यांचे तळाच्या खोलीविषयीचे ज्ञान हाच होता.

शासनाने या उथळ पाण्याला दिलेले उत्तर म्हणजे दीपस्तंभ. प्रवाळात लोखंडी खांब रोवून कॅरिसफोर्ट (१८५२), सँड की (१८५३), सोम्ब्रेरो की (१८५८), ॲलिगेटर रीफ (१८७३), फोवी रॉक्स (१८७८) आणि अमेरिकन शोल (१८८०) हे दीपस्तंभ उभारण्यात आले. यांपैकी पहिल्या तिन्हींच्या कामाशी संबंधित असलेले अभियंते जॉर्ज मीड हेच पुढे गेटिसबर्गच्या लढाईत (१८६३) उत्तरेचे सेनापती झाले. दीपस्तंभांनी मोठ्या जहाजांना दूर राहण्याचा इशारा दिला. आतील पाणी मात्र छोट्या होडीचेच राहिले.

४. राल्फ मनरो : उथळ पाण्यासाठी होडीची रचना

या पाण्याचा शास्त्रीय दृष्टीने विचार करणारी व्यक्ती म्हणून राल्फ मिडलटन मनरो (१८५१–१९३३) यांचा उल्लेख करावा लागेल. मूळचे न्यूयॉर्कचे मनरो १८७७ मध्ये प्रथम बिस्केन उपसागरात आले आणि पुढे कोकोनट ग्रोव्ह येथे स्थायिक झाले. त्या काळी तेथे रेल्वे नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. टपाल, धान्य, लाकूड आणि माणसे होडीतूनच येत.

उत्तरेकडील खोल तळाच्या नौका येथे निरुपयोगी ठरतात हे मनरो यांच्या लक्षात आले. त्यांनी १८८५ मध्ये ‘प्रेस्टो’ ही ४१ फुटांची आणि १८८६ मध्ये ‘इग्रेट’ ही २८ फुटांची नौका रचली. इग्रेटचा तळ सपाट, दोन्ही टोके निमुळती आणि मध्यभागी वर-खाली करता येणारी फळी होती. खोल पाण्यात फळी खाली सोडली की होडी वाऱ्याने बाजूला सरकत नसे. उथळ पाण्यात फळी वर ओढली की ती काही इंच पाण्यावरही तरंगे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बिस्केन बे यॉट क्लबचे ते दीर्घकाळ कमोडोर होते. त्यांचे १८९१ मध्ये बांधलेले ‘द बार्नॅकल’ हे घर आज राज्याचे ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केलेले आहे.

मनरो यांच्या होड्यांत उपयुक्तता आणि हौस यांची फारकत झालेली नव्हती. टपाल घेऊन जाणारी होडी सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरत असे. ही फारकत पुढे घडली आणि तिला कारण झाला लोहमार्ग.

५. लोहमार्ग, चक्रीवादळ आणि महामार्ग

हेन्री फ्लॅग्लर यांची रेल्वे १८९६ मध्ये मायामीस पोहोचली. १९०५ मध्ये त्यांनी ती बेटांवरून थेट की-वेस्टपर्यंत नेण्याचे काम सुरू केले. १९०६ च्या चक्रीवादळात शंभराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, तरी काम थांबले नाही. २२ जानेवारी १९१२ रोजी फ्लॅग्लर स्वतः रेल्वेने की-वेस्ट येथे उतरले. आजवर ज्या उथळ पाण्याशी जुळवून घेतले जात होते, त्याच्यावरून आता पूल टाकून जाता येऊ लागले.

हा विजय तेवीस वर्षेच टिकला. २ सप्टेंबर १९३५ रोजी आलेल्या प्रलयंकारी चक्रीवादळात चारशेहून अधिक लोक मरण पावले. त्यांत रस्त्याच्या कामावर ठेवलेल्या पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांचा मोठा समावेश होता. त्यांना वेळेवर का हलवले नाही, या प्रश्नावर तेव्हा की-वेस्टमध्ये राहणाऱ्या अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी जळजळीत लेख लिहिला. रेल्वे कंपनी आधीच दिवाळखोरीत होती. तिने उरलेले पूल आणि भराव राज्याला ६,४०,००० डॉलर्सना विकले.

त्याच अवशेषांवर १९३८ मध्ये ओव्हरसीज हायवे पूर्ण झाला. बहिया होंडा येथील पुलाची लोखंडी चौकट दुहेरी रस्त्यासाठी अरुंद पडली, म्हणून रस्ता चौकटीच्या माथ्यावरून नेण्यात आला. जुने रूळ पांढरा रंग देऊन कठड्यासाठी वापरले गेले. १९४२ मध्ये नौदलाच्या पुढाकाराने मुख्य भूमीवरून नळाने गोडे पाणीही आले. येथे होडीची गरज संपली असे कोणासही वाटले असते.

६. ट्रेलरवरील होडीचे आगमन

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. दुसऱ्या महायुद्धानंतर तीन गोष्टी जुळून आल्या. पहिली म्हणजे मध्यमवर्गाच्या घरी आलेली मोटार आणि १९५६ च्या कायद्यानंतर उभे राहिलेले महामार्गांचे जाळे. दुसरी म्हणजे काचतंतूंनी बळकट केलेले प्लास्टिक (फायबरग्लास). त्यामुळे एका साच्यातून हजारो हलक्या होड्या निघू लागल्या. तिसरी म्हणजे तळाला हलवता येणाऱ्या कण्याची जुनीच कल्पना.

या होडीचे मोजमाप समुद्राइतकेच रस्त्यानेही ठरवले, ही बाब लक्षणीय आहे. महामार्गावर विशेष परवान्याविना नेता येणारी रुंदी आधी आठ आणि नंतर साडेआठ फूट होती. होडीची रुंदी त्यातच बसवावी लागे. फ्रँक बटलर यांनी १९७० च्या सुमारास बाजारात आणलेली कॅटलिना-२२ ही याचे ठळक उदाहरण होय. तिची लांबी साडेएकवीस फूट आणि रुंदी पावणेआठ फूट आहे. तिच्या झुलत्या कण्याच्या प्रकारात बुडीत खोली कणा खाली असता पाच फूट, तर वर घेतल्यावर सुमारे दोन फूट होते. मनरो यांनी मधल्या फळीच्या साहाय्याने जे साधले, तेच येथे धातूच्या कण्याने साधले.

अशा रीतीने रेल्वेच्या भरावावरून धावणाऱ्या मोटारीमागे बसून शिडाची होडी द्वीपमालेत परतली. उत्तरेचा थंड वारा सुटला की ती बेटांच्या दक्षिणेस हॉक चॅनेलमध्ये आडोसा घेते. वारा आग्नेयेकडे फिरला की पुलाखालून निघून फ्लोरिडा बेमध्ये जाते. बुटक्या पुलाखाली डोलकाठी आडवी करावी लागते. दोन्ही समुद्रांचा असा आळीपाळीने उपयोग करणे खोल तळाच्या नौकेस जमत नाही.

७. हौस, आश्रय आणि जबाबदारी

तथापि या पुनरागमनाचे केवळ कौतुक करून भागणार नाही. एकेकाळी पोट भरण्याचे साधन असलेली होडी आता सुट्टीचे साधन झाली. परंतु सर्वांसाठी नव्हे. १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० लोक अमेरिकेत आले. त्यांना आणणाऱ्या खासगी नौकांपैकी असंख्य नौका की-वेस्टहून गेल्या होत्या. १९९४ मध्ये सुमारे ३५,००० क्यूबन नागरिकांनी तराफे आणि मोडक्या होड्या याच समुद्रात लोटल्या. त्यांतील कित्येक पोहोचले नाहीत. एकाच पाण्यात एकाची होडी विश्रांतीसाठी आणि दुसऱ्याची जिवाच्या आकांताने चालते, ही विषमता इतिहासकाराने नोंदविली पाहिजे.

दुसरा प्रश्न पर्यावरणाचा आहे. १९४७ मध्ये एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान, १९६० मध्ये पेनेकँप प्रवाळ उद्यान आणि, १९८९ च्या अखेरीस तीन मोठी जहाजे प्रवाळावर चढल्यानंतर, १९९० मध्ये फ्लोरिडा कीज राष्ट्रीय सागरी अभयारण्य अस्तित्वात आले. तरीही उथळ पाण्यात यंत्राचा पंखा फिरवल्याने सागरी गवतावर चरे पडतात आणि ते भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. २०११ मध्ये एव्हरग्लेड्सच्या स्नेक बाइट भागात बांबूने ढकलत किंवा लहान विद्युत यंत्रानेच होडी नेण्याचा नियम करण्यात आला. म्हणजे शासनाला अखेर जुन्या नावाड्यांचीच पद्धत स्वीकारावी लागली. परंतु सर्व हानी नियमांनी रोखता येणारी नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा चक्रीवादळ कडजो की येथे धडकले. २०२३ च्या जुलैमध्ये मॅनेटी बे येथील पाण्याचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर नोंदवले गेले आणि त्या उन्हाळ्यात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, फ्लोरिडा कीजच्या इतिहासात उथळ पाणी ही केवळ पार्श्वभूमी नसून ते घटनांना वळण देणारे कारण आहे. दोन, या पाण्यावर मात करण्याचा प्रयत्न लोहमार्गाने केला आणि तो तेवीस वर्षांत कोसळला. त्याच्याशी जुळवून घेणारी होडी मात्र रूप बदलून टिकली. तीन, रस्ता आणि होडी यांचा संबंध केवळ स्पर्धेचा नसून एकाने दुसऱ्याला हुसकावल्यावर पुन्हा आश्रय दिल्याचेही येथे दिसते.

इतिहासाच्या अध्यापनात आपण वाहतुकीच्या साधनांचा क्रम शिडाचे जहाज, आगगाडी, मोटार असा सरळ रेषेत मांडतो. या द्वीपमालेचा अनुभव त्या रेषेवर प्रश्नचिन्ह लावतो. जुने साधन नाहीसे झाले असे म्हणण्यापूर्वी ते कोणत्या नव्या साधनाच्या पाठीवर बसून परतले आहे आणि परतताना कोणाच्या हाती गेले आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.