सेल्फ, किक आणि खारे पाणी

अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांत विद्युत-आरंभकाला 'सेल्फ' म्हणतात. गाडी बटणावर सुरू झाली नाही, की 'सेल्फ लागत नाही' एवढे म्हटले म्हणजे मिस्त्रीला कळते. या छोट्या शब्दामागे शतकाहून मोठा इतिहास आहे.

हँडल मारून मोटारगाडी सुरू करण्याच्या काळात इंजिन उलटे फिरून माणसाचे मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंगने यावर उपाय शोधला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर गाडीत मावणार नाही, अशी तोवर समजूत होती. केटरिंगने पूर्वी दुकानातील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. अशी मोटर क्षणभरच चालते, तेवढ्यात ती जळण्याइतकी तापत नाही; म्हणून लहान मोटरवरही मोठा भार टाकता येतो. आमच्या मते या शोधातली खरी हुशारी वेळेच्या या हिशेबात आहे.

दुचाकीवर मात्र गाडे अडले. 'इंडियन' नावाच्या अमेरिकन कंपनीने १९१४ साली 'हेंडी स्पेशल' ही सेल्फची मोटरसायकल काढली. त्या वेळच्या बॅटऱ्यांना ते काम पेलले नाही आणि ते मॉडेल वर्षभरातच बंद पडले. पुढे १९५० च्या दशकाअखेर जपानच्या होंडाने लहान मोटरसायकलींवर सेल्फ यशस्वी केला.

आपल्याकडे तो घरोघरी ओळखीचा झाला १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडामुळे. पुण्याची कायनेटिक इंजिनिअरिंग आणि होंडा यांच्या भागीदारीतली ही ९८ घनसेंटिमीटरची टू-स्ट्रोक स्कूटर मध्य प्रदेशात पिथमपूरला तयार होई. तिला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू होई. साडी नेसून किक मारणे ज्यांनी केले आहे, त्या शिक्षिकांना या बटणाचे मोल वेगळे सांगायला नको. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' व्हायला पन्नास वर्षे लागतात. म्हणजे पहिल्या कायनेटिक होंडाला तो मान २०३४ पर्यंत नाही. पण जपणारे लोक सरकारी व्याख्येसाठी थांबत नाहीत.

जुन्या गाडीचा हॉर्न वाजतो, दिवा लागतो, पण सेल्फ नुसता 'कट्' करतो, तेव्हा बॅटरी बदलण्याची घाई होते. थोडे गणित करू. तारेच्या गंजलेल्या जोडात ०.१ ओहम रोध आहे असे धरा. ३६ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो. त्या जोडात ०.३ व्होल्ट जातात, ते लक्षातही येत नाहीत. सेल्फची मोटर ४० अँपिअर ओढू लागली, तर ४ व्होल्ट तिथेच संपतात. म्हणून आधी बॅटरीचे टोक आणि अर्थिंगची तार उघडून कागदाने घासावी. मग मोटरमधले 'कार्बन' पाहावेत. ते झिजून आखूड झाले, की तांब्यावर नीट टेकत नाहीत.

वऱ्हाडाची खरी अडचण मात्र पाण्याची आहे. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांवर जातो. जुन्या, झाकणे उघडणाऱ्या बॅटरीतले पाणी झपाट्याने कमी होते. ते भरायला लोक सरळ घरचे पाणी घेतात. पूर्णेच्या खोऱ्यातला दर्यापूरसारखा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरींच्या पाण्यात क्षार भरपूर. त्यातली क्लोराइडे शिशाच्या पट्ट्या खातात. पाण्यात लोह असेल तर त्याचे आयन दोन पट्ट्यांमध्ये ये-जा करीत गाडी उभी असतानाही बॅटरी उतरवतात. पाणी उकळून उपयोग नाही. पाणी उडते, क्षार मागेच राहतात.

हे वर्गात दाखवता येते. तीन परीक्षानळ्यांत विहिरीचे, नळाचे आणि दुकानातून आणलेले बॅटरीचे ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. प्रत्येकीत विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकावे. क्लोराइड असेल तिथे पांढरा साका येतो. बॅटरीचे पाणी नितळच राहिले पाहिजे. गढूळले तर ती बाटली दुकानदाराला परत करावी.

भरताना आम्ल घालू नये. उडून गेले आहे ते पाणीच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. सेल्फचे बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये आणि पुन्हा दाबण्याआधी थोडे थांबावे. केटरिंगचा हिशेब त्या काही सेकंदांपुरताच होता. तरीही इंजिन धरत नसेल, तर कायनेटिक होंडाला किक ठेवलेली आहे.